सरकारी इमारतींची झाडलोट आणि तिचा मक्ता

कोणत्याहि सरकारी कचेरींत सकाळीं कामासाठीं जाणाऱ्या गृहस्थाला जिने झाडलेले, फरशी पुसलेली आणि टेबलांवरील धूळ झटकलेली दिसते. हें काम जिनें पहांटे उठून केलें ती बाई त्या वेळीं इमारतीच्या मागील अंगास बादली धूत असते. तिच्या गणवेशावर एका मक्तेदाराचें नांव असतें; इमारत मात्र सरकारची असते. मग ही बाई नोकर कोणाची? श्रोत्यांपैकीं पुष्कळांना हा प्रश्न क्षुल्लक वाटेल; परंतु त्याचें उत्तर देण्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा बराच काळ खर्ची पडला आहे.

मक्ता देण्याची रीत प्रथम पाहूं. मध्यवर्ती सरकारचीं खातीं 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणें खरेदी करतात, आणि 2016 पासून सुरू झालेल्या ‘जेम’ नांवाच्या सरकारी ई-बाजारपेठेंत सफाईच्या सेवेचेहि व्यवहार होतात. खातें इमारतीचें क्षेत्रफळ, माणसांची संख्या व कामाचे दिवस जाहीर करतें. बोली सहसा दोन लिफाफ्यांत येते. पहिल्यांत पूर्वानुभव, उलाढाल, भविष्यनिर्वाह निधीची व राज्य विमा योजनेची नोंदणी, दुसऱ्यांत दर. पहिल्यांत जे टिकले त्यांचेच दर उघडावयाचे आणि सर्वांत कमी दर असेल त्यास काम द्यावयाचें, असा हा सरळ मार्ग आहे.

मेख आहे ती याच सरळपणांत. झाडलोटीच्या मक्त्यांत मुख्य खर्च मजुरीचा. तिचा किमान दर कायद्यानें ठरलेला. तिच्यावर मालकानें भरावयाची भविष्यनिर्वाह निधीची व विम्याची वर्गणीहि ठरलेली. मग बोलीदारांनीं चढाओढ करावी तरी कशांत? उरतें तें फक्त त्यांचें सेवाशुल्क. तें उतरत उतरत शून्यावर आलें, तेव्हां 2014 मध्यें अर्थखात्याला आज्ञा काढावी लागली कीं, शून्य मोबदला मागणारी बोली विचारांत घेऊं नये. व्यापारी बुद्धीला एवढी फट पुरेशी असते. शून्याऐवजीं टक्क्याचा शंभरावा अंश लिहिला कीं आज्ञेचा भंग होत नाहीं! दर समसमान आल्यामुळें चिठ्ठ्या टाकण्याचे प्रसंगहि आले. पुढें मनुष्यबळ पुरविण्याच्या मक्त्यांत निदान 3.85 टक्के सेवाशुल्क ठेवण्याची मुभा खात्यांना देण्यांत आली.

नफ्यावांचून धंदा करणारा मनुष्य साधु तरी असला पाहिजे, नाहीं तर त्याचा नफा दुसरीकडे कोठें तरी असला पाहिजे. कागदावर दहा माणसें आणि जिन्यावर सात, हा एक मार्ग. मजुरी बँकेंत भरून तिचा कांहीं भाग रोखीनें परत मागणें, हा दुसरा. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानें यावर तोड योजिली होती. मजुरी वाटतांना मूळ मालकाचा प्रतिनिधि हजर असावा, आणि मक्तेदारानें ती बुडविल्यास मूळ मालकानें ती भरून देऊन मक्तेदाराकडून वसूल करावी. तोड चांगली, पण ती मागण्यास जाणाऱ्या बाईस उद्यांपासून येऊं नको असें सांगण्याचा अधिकार मक्तेदाराच्या हातांत राहिला, हें कायद्याला दिसलें नाहीं.

त्याच कायद्याच्या दहाव्या कलमान्वये मध्यवर्ती सरकारनें 9 डिसेंबर 1976 रोजीं एक अधिसूचना काढली : आपल्या अखत्यारींतील आस्थापनांच्या इमारतींत झाडणें, स्वच्छ करणें, धूळ झटकणें व पहारा करणें हीं कामें मक्त्यानें देऊं नयेत. अधिसूचना निघाली, आणि मक्ते चालूच राहिले. मुंबईंत एअर इंडियाच्या इमारतींत मक्त्यावर काम करणाऱ्यांचा दावा शेवटीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एअर इंडियाला लागू होणारें सरकार मध्यवर्ती कीं राज्याचें, येथूनच वादाला सुरुवात होती. डिसेंबर 1996 मध्यें न्यायालयानें कामगारांच्या बाजूनें निर्णय दिला : मक्ता बंद होतांच त्याखालचा कामगार आपोआप मूळ मालकाचा नोकर होतो.

हा आनंद पांच वर्षेंहि टिकला नाहीं. 30 ऑगस्ट 2001 रोजीं स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यांत पांच न्यायमूर्तींच्या पीठानें तो निर्णय फिरविला. कायद्यांत ‘आपोआप’ असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं, असें पीठाचें म्हणणें. शिवाय एकेका आस्थापनेची परिस्थिति न पाहतां सरसकट काढलेली 1976 ची अधिसूचनाहि पुढील काळापुरती रद्द झाली. तर्काच्या दृष्टीनें निर्णय भक्कम आहे. पण सरकारच्या घाईचा दंड ज्यांना भोगावा लागला, त्यांनीं ती अधिसूचना लिहिली नव्हती. कामगारांना दोन वाटा ठेविल्या गेल्या. मक्ता निव्वळ देखावा आहे असें औद्योगिक न्यायाधिकरणापुढें सिद्ध करावें. किंवा मक्ता बंद होऊन कायम जागा निघाल्यास वयाच्या व शिक्षणाच्या अटींत सवलत घेऊन अग्रहक्क मागावा. पहिली वाट लांबची खरी, पण अगदींच बंद नाहीं. मुंबई महानगरपालिकेकडे मक्त्यावर कचरा उचलणाऱ्या 2,700 कामगारांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा निर्णय 2017 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें उचलून धरला.

2020 मध्यें संसदेनें संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनें मात्र वेगळीच दिशा धरली. आस्थापनेच्या गाभ्याच्या कामांत कंत्राटी मजूर नको असें ती म्हणते. आणि आस्थापना त्याच कामासाठीं स्थापिलेली नसेल तर झाडलोट, सफाई व धूळ झटकणें हीं कामें गाभ्याचीं नव्हत, असेंहि तीच सांगते.

इकडे मक्त्याची मुदत संपते, लिफाफे पुन्हां उघडतात, नवा मक्तेदार येतो. पुष्कळदां तो जुन्याच माणसांना ठेवून घेतो, कारण इमारतीचे कानेकोपरे त्यांनाच ठाऊक असतात. 1972 च्या कायद्यानें उपदानासाठीं एकाच मालकाकडे पांच वर्षांची अखंड नोकरी मागितली होती. तीच फरशी दहा वर्षें पुसूनहि ती भरत नाहीं, अशी गणना कागदावर होऊं शकते. बाईच्या हातीं नवा गणवेश येतो, आणि जुना तिनें धुऊन परत करावयाचा असतो.