पट, हजेरी आणि पाहुणी मुलं

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत गेलं, की फळ्याच्या कोपऱ्यात किंवा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक तक्ता दिसतो. वार, दिनांक, सुविचार आणि त्याखाली मुलगे, मुली, एकूण. पट किती, हजर किती. परिपाठ संपला की एखादी पाचवीतली मुलगी ओल्या फडक्याने कालचे आकडे पुसते आणि आजचे लिहिते. शहरातून आलेला पाहुणा हटकून सुविचार वाचतो. पण बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावात तो दिवाळीनंतर गेला असेल, तर त्याने त्या खालच्या दोन आकड्यांतला फरक आधी वाचावा. पटावरची जी मुलं आज हजर नाहीत, त्यांना शाळेचा कंटाळा आलेला नसतो. त्यांच्या घराला कुलूप लागलेलं असतं.

बालहक्क शिकायला शहरातल्या शाळेने गावात जावं का, हा आजचा विषय आहे. जावं, असंच उत्तर आहे. पण कशासाठी जायचं आणि तिथे काय विचारायचं, यावर सगळं अडतं.

बालहक्क हा आपल्याकडे नागरिकशास्त्राचा धडा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्क संहिता स्वीकारली २० नोव्हेंबर १९८९ रोजी, भारताने ती मान्य केली ११ डिसेंबर १९९२ रोजी, कलमं ५४. हे पाठ करून दोन गुण मिळवता येतात. खेळण्याचा हक्क कलम ३१ मध्ये आहे, हे शिकवणीला जाणाऱ्या रिक्षात बसून पाठ करणारी मुलं आपल्या घराघरांत आहेत. त्यात मुलांचा काही दोष नाही. हक्क म्हणजे यादी, असं आपणच त्यांना शिकवलं.

मग कुणा उत्साही बाईंच्या किंवा सरांच्या डोक्यात सहल येते. बस ठरते, पालकांच्या गटावर निरोप जातो, प्रत्येकाने एक वही, एक पेन आणि बिस्किटाचा एक पुडा आणायचा. गावात पोचल्यावर दोन रांगा होतात. एक देणाऱ्यांची, एक घेणाऱ्यांची. फोटो निघतात. परतीच्या बसमध्ये ‘आपण किती नशीबवान’ या विषयावर चार ओळी लिहून घेतल्या जातात. वह्या वाटणं वाईट नाही, गरज असेल तर जरूर वाटाव्यात. पण त्या दिवशी बालहक्कांबद्दल कुणीही काही शिकलेलं नसतं. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. हक्काला मात्र पत्ता असतो: तो पुरवायला कुणीतरी बांधील असतो, आणि ‘तुम्ही तो का पुरवला नाही’ असं त्याला विचारता येतं. सहलीतून हा पत्ता शोधायला शिकायचं.

ऊसतोडीचं गाव त्यासाठी विचित्र रीतीने सोयीचं आहे. तिथे सगळी साखळी उघड्यावर दिसते. हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. उचल एकट्यादुकट्याला मिळत नाही, कोयत्याला मिळते. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर, ट्रक भरून माणसं सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुण्याकडे, काही थेट कर्नाटकात निघतात. संसार कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, लागतो. पहाटेच्या अंधारात आई-बाप फडावर गेले, की कोपीत उरते ती आठ-दहा वर्षांची ताई आणि तिच्या कडेवरचं भावंड. ती पाणी आणते, चूल पेटवते, लहानग्याला सांभाळते, आणि दुपारी फडावर गेली तर वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करून बांधायला लागते. तिला कुणी मजुरी देत नाही, त्यामुळे मजुरांच्या हिशेबात ती कुठेच येत नाही. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली. पण शाळा सांभाळून घरच्या कामात मदत करायची मुभा कायद्याने ठेवली. कोपीतल्या ताईची शाळा तर तीन जिल्हे पलीकडे राहिली आहे. तिच्या बाबतीत शाळा सांभाळायची ती कुठली? हा प्रश्न आठवीतल्या मुलांपुढे ठेवून पाहा. मोठ्यांपेक्षा जास्त वाद घालतील.

आणि त्याच ताईची साखर आपल्या चहात आहे, हे मुलांना सांगावं का? सांगावं, पण एकदाच. त्यावरून त्यांना अपराधी वाटायला लावण्यात काही अर्थ नाही.

आता पत्ता शोधू. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. यातली सक्ती मुलावर नाही, शासनावर आहे, ही बारीक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. मूल स्थलांतर करून दुसऱ्या गावी गेलं, तर तिथल्या शाळेने त्याला वयानुसार वर्गात बसवायचं. दाखला आला नाही म्हणून परत पाठवायचं नाही. महाराष्ट्रात त्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे: गावातल्या शाळेने ते जाताना मुलाच्या हाती द्यायचं, तिकडच्या शाळेने ते पाहून प्रवेश द्यायचा. दुसरी वाट अशी, की मूल हललंच नाही पाहिजे. हंगामी वसतिगृह म्हणतात ते यासाठीच. नावात वसतिगृह असलं तरी पुष्कळ ठिकाणी इमारत वगैरे नसते. मूल आजी-आजोबांकडे किंवा नात्यात झोपतं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेकडून मिळतं. व्यवहार शाळा व्यवस्थापन समिती पाहते. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं कायदा सांगतो. पाहुण्या मुलांनी गावातल्या मुलांबरोबर बसून एवढंच विचारावं: वसतिगृह यंदा कधी सुरू झालं, आणि गाड्या कधी हलल्या? या दोन तारखांमध्ये अंतर पडलं, की मूल गाडीत बसलंच म्हणून समजा. योजना कागदावर सुरेख असून कशी फसते, हे तारखांच्या एवढ्याशा वजाबाकीतून कळतं. एखाद्या परिसंवादात ते कळेलच असं नाही.

आणखी एक विषय आहे, तो शिक्षकांना अवघड वाटतो म्हणून सहसा टाळला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांची लग्नं अठरा पूर्ण होण्याआधी झाली, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के आणि बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के निघालं. वयात आलेली मुलगी गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, कोपीला दार नाही तिथे तरी कशी ठेवायची, हा आईबापांचा प्रश्न खोटा नाही. शिवाय लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि त्यावर उचल मिळते. म्हणजे अज्ञान, परंपरा असले ढोबळ शब्द इथे फार कामाचे नाहीत. यात भीती आहे आणि हिशेब आहे. कायद्याने गावात असं लग्न रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर टाकली आहे, तोच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. आणि मुलांना थेट फोन करता येईल असा नंबर आहे, १०९८. नववी-दहावीच्या मुलामुलींना हे कळायला हवं. शहरातल्यांनाही, कारण १०९८ त्यांच्यासाठीही आहे.

या सगळ्यात एक उलटा इतिहास दडलेला आहे. आज आपण शहरातली मुलं गावात न्यायच्या गोष्टी करतो. महाराष्ट्रातली खरी परंपरा शाळा उचलून मुलांकडे नेण्याची आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात भरवू, असं म्हणत अंगणवाडी आली. १९५७ साली काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं सकाळीच गुरं घेऊन रानात जायची. शाळेची घंटा ऐकायला कोण थांबणार? मग शिक्षक कुरणात गेले. गुरं चरतायत, मुलं राखतायत, आणि दगड, पानं, बिया घेऊन मोजणी चाललीय, ही कुरणशाळा. हजेरी लागत नाही म्हणून मुलाला दोष देण्याऐवजी दोघींनी शाळेची वेळ आणि जागा बदलली. ‘बालहक्क’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पुढे १९७५ साली देशभर एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्यातली अंगणवाडी आज गावोगाव आहे. नव्वदच्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या, कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. सगळ्यांमागचा विचार एकाच घराण्यातला.

पण या सर्व प्रयत्नांत एक गोष्ट समान होती: मुलांसाठी काय करायचं, ते मोठ्यांनी ठरवलं. संहितेचं कलम १२ म्हणतं, मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि त्या मताला वजन दिलं गेलं पाहिजे. हे कसं दिसतं ते पाहायचं तर शेजारच्या कर्नाटकात कुंदापूर तालुक्यात जावं लागतं. मुंबईच्या उडपी हॉटेलांत टेबलं पुसणारी पोरं पूर्वी याच पट्ट्यातून येत, म्हणजे हा भाग आपल्याला अगदीच परका नाही. ‘कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन’ या संस्थेच्या पाठबळाने काम करणाऱ्या मुलांनी तिथे भीम संघ ही स्वतःची संघटना बांधली, आणि १९९५ पासून ‘मक्कळ पंचायत’, म्हणजे मुलांची पंचायत, सुरू झाली. तिला रीतसर निवडणूक. निवडून येणारी मुलं सगळी शाळेतलीच हवीत, अशी अट नाही.

या मुलांनी काय मागितलं? मोठ्यांना वाटलं असतं, खेळणी, वाचनालय. मागणी आली साकवांची, म्हणजे ओढ्यांवरच्या छोट्या पुलांची. तो घाटाखालचा मुलूख, कोकणासारखाच. पावसाळ्यात ओढे फुगतात आणि शाळेची वाट तुटते; पलीकडे जायला सुपारीच्या किंवा नारळीच्या खोडाचा आधार. मोठी माणसं त्यावरून सवयीने जातात. सात वर्षांचं पोर जात नाही, घरी बसतं, आणि शाळेच्या वहीत ‘अनियमित’ म्हणून नोंदलं जातं. कुठला ओढा, किती मुलांची वाट, हे मुलांनी पंचायतीपुढे मांडलं. पुढे दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी तालुक्यातल्या मुलांनी आपापल्या गावांचे आराखडे तयार करण्यात भाग घेतला, आणि कर्नाटक सरकारने मुलांच्या ग्रामसभा घेण्याचे आदेश काढले. साकव हा बालहक्काचा मुद्दा आहे, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या यादीवरून सुचणार नाही. त्या ओढ्याकाठी उभं राहिल्यावर सुचेल.

मुलांचं मत ऐकायची चौकट आपल्याकडेही आहे. गावपातळीवर बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडीताई, शिक्षक, आरोग्यसेविका सदस्य. आणि समितीत दोन मुलांनीही असावं असं मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलेलं आहे. पाहुणी मुलं सरपंचांना भेटतात तेव्हा हार-तुरे, स्वागत, ‘गावाची लोकसंख्या किती’ हेच होतं. त्याऐवजी गावातल्या मुलांना पुढे करून एक साधा प्रश्न विचारता येईल: समितीवरची ती दोन मुलं कोण, आणि शेवटची बैठक कधी झाली? प्रश्न नम्रपणे विचारायचा. सरपंचांची फजिती करायला कुणी बसभाडं भरून जात नाही.

इथे मोबाइलबद्दल सांगायला हवं. संहितेच्या सोळाव्या कलमात मुलाच्या खाजगीपणाला संरक्षण आहे. तरी फाटक्या सदऱ्यातल्या मुलाला कडेला उभं करून काढलेले फोटो शाळेच्या वार्षिक अंकात छापून येतात, खाली मथळा, ‘ग्रामीण जीवनाचं दर्शन’. आपल्या वर्गातल्या मुलाचा असा फोटो, न विचारता, गावातल्या शाळेने छापला तर आपल्याला चालेल का? फोन बसमध्येच ठेवावेत. वही-पेन्सिल न्यावी, चित्रं काढावीत. चित्र काढताना माणूस निदान समोर बघतो.

आणि सहल एकतर्फी नको. गावातल्या मुलांनी शहरातल्या शाळेत परतभेटीला यावं. शिक्षणहक्क कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. त्यात शाळेला काय काय हवं ते दिलं आहे. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, अडथळ्याविना आत जाता येईल अशी सोय, वाचनालय, खेळाचं मैदान, कुंपण. ते खाजगी शाळांनाही लागू आहे. पाहुण्या मुलांनी ही यादी कागदावर घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेची पाहणी करावी, आणि तोच कागद घेऊन गावातल्या मुलांनी चार मजली, लिफ्टच्या शाळेत फिरावं. मैदानाच्या रकान्यापाशी ती बहुधा थबकतील. याच कायद्याचं कलम सतरा मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई करतं. त्यावर दोन्हीकडच्या मुलांनी शिक्षकांना बाहेर पाठवून आपापसांत बोलावं. पंचवीस टक्के राखीव जागांवर शिकणारा एखादा मुलगा त्या घोळक्यात असेल, त्याच्याकडे दोन्ही बाजूंचं काही सांगण्यासारखं असेल. तो बोलेल की नाही, ते त्याच्यावर सोडावं.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. जायचं ते ऐन हंगामात, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. एप्रिलमध्ये गेलात तर घरं उघडी दिसतील, वर्ग भरलेला दिसेल आणि सगळं आलबेल वाटेल. पन्नास जणांची बस नको, पंधरा मुलं पुरेत, कारण गावातल्या वर्गातही तेवढीच उरलेली असतील. आणि परतभेटीच्या गाडीचं भाडं, मुलांचं जेवण, सोबत येणाऱ्या बाईंची राहण्याची सोय हा सगळा खर्च शहरातल्या शाळेने पहिल्या सहलीच्या वर्गणीतच धरावा. नंतर मागायला गेलं की पालकसभेत तो विषय पुढच्या वर्षावर जातो.