साठीनंतरची ताकद : ताटातली आणि अंगातली

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सोसायटीच्या पंचवीस वर्षांबद्दल इतर वक्ते बोलतीलच. मी एक साधा हिशेब मांडतो. पंचेचाळिशी-पन्नाशीत ज्यांनी इथे घर केलं, ते आज सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत. आजच्या जेवणाला आपण टेबल-खुर्च्या मांडल्यात. खाली पंगतीत बसायला कुणाची ना नव्हती, उठायचं कसं हा प्रश्न होता. हसू नका, तुमचेही गुडघे त्याच बॅचचे आहेत!

आपल्यातले बरेच जण पहाटे वडसा रोडने फिरायला जातात. चांगलं आहे, चालू ठेवा. हृदयाला, साखरेला, मनाला त्याचा उपयोग होतो. पण नुसत्या चालण्याने स्नायूंची ताकद फारशी वाढत नाही. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. बँकेच्या भाषेत सांगायचं तर जमा बंद झाली आहे आणि दरमहा मुद्दलातून रक्कम निघते आहे. संडासातून उठणं, सिलिंडर सरकवणं, पाय घसरला तर तोल सावरणं, सगळं याच मुद्दलावर चालतं. मांडीचं हाड मोडलं तर कुरखेड्याच्या माणसाला गडचिरोली, नाही तर नागपूर गाठावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको.

कुणी म्हणेल, आपल्या आई-वडिलांनी कुठे व्यायाम केला? अहो, त्यांनी रोवणीत दिवसभर वाकून काम केलं, उखळात धान कांडलं, विहिरीवरून डोक्यावर गुंड आणला, जंगलातून मोळी आणली. आपल्याकडे नळ आला, राईस मिल आली, दारात गाडी आली. ते कष्ट गेले हे चांगलंच झालं, पण त्यांची जागा रिकामीच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा असं म्हटलं आहे. पासष्टीच्या पुढे तर तोल आणि ताकद दोन्ही वाढवणारा व्यायाम तीन दिवस.

‘काकाजी, आता या वयात हे कायले?’ असं परवा एका तरुणाने विचारलं. त्याला मी बोस्टनचं उदाहरण दिलं. तिथल्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९० साली हे प्रसिद्ध झालं. आणि व्यायाम विदर्भाला नवा नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं आहे.

सुरुवात घरातच होते. हाताच्या खुर्चीवर बसा आणि हात न टेकता उठा, आठ-दहा वेळा. जमत नसेल तर हात टेका, त्यात कमीपणा नाही. भिंतीला तळवे लावून शरीर पुढे-मागे करायचं, म्हणजे भिंतीवरचे दंड. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या. आणि दोन हातांत दोन-दोन किलो तांदळाच्या पिशव्या घेऊन अंगणात फेऱ्या. बारा वेळा सहज जमू लागलं की मगच वजन वाढवा. श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा. एक-दोन दिवस अंग आंबलं तर घाबरू नका. पण सांध्यात कळ आली, छातीत दुखलं, चक्कर आली तर ताबडतोब थांबा.

आता ताट. नवखा माणूस पहिल्या दिवशी भात बंद करतो आणि आठव्या दिवशी दुप्पट खातो. आपला हा धानाचा मुलूख, भात बंद करायची गरज नाही. कमी पडते ती डाळ. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हिशेबाने दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. वाढत्या वयात, व्यायाम करणाऱ्याला, थोडी जास्तच. २०० ग्रॅम तांदळातून सुमारे १५ मिळतात, पेलाभर दुधातून ८, मूठभर फुटाण्यांतून ६, एका अंड्यातून ६.

डाळीचं प्रकरण किराण्याच्या बिलातच सापडतं. दोन माणसांच्या घरात महिन्याला दीड किलो डाळ येत असेल, तर माणशी रोज २५ ग्रॅम, म्हणजे प्रथिनं जेमतेम साडेपाच. तीन किलो आणली तर अकरा. वाटी भरलेली दिसते, पण त्यात पाणी किती हे बिलच सांगतं. आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका. घट्ट वरण आधी जेवणाऱ्या पुरुषांच्या ताटात जातं, शेवटी बसणाऱ्या वहिनींच्या वाटीला वरचं पाणी येतं. हाडं तर बायकांची जास्त झिजतात. हे आपल्या घरात मोजून बघा.

तूर, मूग, चणा, बरबटी, तलावातली मासोळी, ज्याला जे चालतं ते घ्या. लाखोळी मात्र रोजचं मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाऊ नये, त्याने पाय लुळे पडू शकतात. मुलांनी महागड्या प्रोटीन पावडरच्या डब्यांमागे लागू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही ते टाळायला सांगितलं आहे. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

येत्या सोमवारपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी साडेसहाला हॉलसमोर आपण जमू. खुर्च्या मी बाहेर काढून ठेवतो, त्या भिंतीला टेकवून ठेवू म्हणजे सरकणार नाहीत. प्रत्येकाने पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या आणाव्यात. चप्पल घसरणारी नको. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांची परवानगी घेऊनच यावं. आणि वहिनींनो, चहाचं काम त्या दिवशी पुरुषांकडे सोपवा, तुम्ही वेळेवर या.