बाळंतिणीचा कषाय आणि तिचे मन

(श्रींच्या वार्षिक उत्सवानिमित्त देवस्थानच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावरून विद्वान कीर्तनकारांनी व शास्त्रीपंडितांनी आपणांस उपदेश केला, तेथे माझ्यासारख्या एका निवृत्त कारकुनाने उभे राहावे ही धृष्टताच होय. त्यातून विषय बाळंतिणीच्या काढ्याचा. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. परंतु माझ्या घरी जे घडले ते आपल्यापुढे ठेवल्याने एखाद्या घरचे दुःख टळले, तर हा अर्धा तास सत्कारणी लागला असे मी समजेन.

आपल्या घरांत प्रसूतीनंतर काय काय होते, हे येथील भगिनींना मी सांगावयास नको. गंध्याच्या दुकानातून बाळंतशोप, ओवा, सुंठ, मेथी, डिंक, अळीव येतात. चुलीवर पेज रटरटते. आणि सकाळ-संध्याकाळ बाळंतिणीच्या खोलीत कषायाचा पेला जातो. ही परंपरा जुनी आहे. आयुर्वेदाने बाळंतिणीला 'सूतिका' अशी स्वतंत्र संज्ञा देऊन प्रसूतीनंतरचा सुमारे दीड महिना तिच्या विशेष परिचर्येचा मानला आहे. थोडेफार पोर्तुगीज वाचता येत असल्याने गार्सिया द ऑर्ता याचा १५६३ साली आपल्या गोव्यातच छापलेला औषधी वनस्पतींवरील ग्रंथ मी चाळला आहे. मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी येथे रुग्णाला पाजतात व त्यास 'कांजी' म्हणतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. अशक्त माणसाला ऊन, पाचक, पातळ असे काही हाती द्यावे, ही आपल्या घरांची रीत साडेचारशे वर्षांपूर्वीही परक्याच्या डोळ्यांत भरण्यासारखी होती.

मात्र 'कषाय' या एका नावाखाली आपण दोन निरनिराळ्या वस्तू एकत्र करतो. पहिला घरगुती कषाय. दोन चमचे धणे, एक चमचा जिरे, थोडी बडीशेप किंवा बाळंतशोप, चिमूटभर सुंठ; चार पेले पाणी निम्मे होईपर्यंत उकळावे, गाळावे, गूळ आणि दूध घालावे. हे अन्नच आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला तहान अधिक लागते, ती याने भागते. पोटातील वायू सरतो. अंगाला ऊब मिळते. दुसरा औषधी काढा. शार्ङ्गधराच्या मानाप्रमाणे औषध सोळापट पाण्यात घालून अष्टमांश उरेपर्यंत तो आटवावयाचा. बेल, टेंटू, शिवण, पाडळ, ऐरण, सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू या दशमुळांचा काढा या जातीचा. तो औषधाच्या मात्रेत, जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने घ्यावयाचा. शेजारणीने सांगितले म्हणून नव्हे. दशमूलारिष्टासारख्या अरिष्टांत तर आंबवण्याच्या क्रियेने मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने ते घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो. जायफळ झोपेसाठी उगाळतात, परंतु त्याची मात्रा वाढली तर ते विषासमान आहे. बिनलेबलाच्या भुकट्या तर घरात आणूच नयेत, कारण त्यांत शिसे-पारा निघाल्याची उदाहरणे आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. या पेयांनी बाळंतिणीचे मन सावरते काय? तैवानातील परिचारिकांनी झोप नीट न लागणाऱ्या ८० बाळंतिणींवर एक प्रयोग करून तो २०१६ साली प्रसिद्ध केला. निम्म्या जणींना दोन आठवडे रोज कॅमोमाइल नावाच्या फुलांचा चहा दिला. त्यांची उदासी काहीशी उणावली, झोपेतही थोडा फरक पडला. परंतु चहा थांबल्यावर चार आठवड्यांच्या तपासणीत दोन्ही गटांत भेद उरला नाही. पेल्याचा आधार खरा, पण तो अल्प आणि तात्पुरता, असेच यावरून म्हणावे लागते. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार उशीर झाला होता.

माझी कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मुलगी झाली. हा प्रसंग मी तिच्या अनुमतीने, किंबहुना तिच्याच आग्रहावरून सांगत आहे. आयुष्यभर नोंदवह्या लिहिलेला मी मनुष्य. बाळंतपणाचीही मी एक वही घातली. कोणता काढा, किती वाजता, गंध्याचे बिल किती, सर्व रकाने भरलेले. सोयराच्या दिवसांत पुरुषांनी त्या खोलीत जावयाचे नाही, म्हणून मी बाहेरच्या सोप्यावर बसून वही लिहीत असे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती रडू लागली. बाळंतिणी रडतातच, असे घरातील वडीलधाऱ्या म्हणाल्या, आणि ते खोटेही नव्हते. पण बारसे झाले, महिना उलटला, तरी तिचे रडणे थांबेना. पुढे रडणेही थांबले आणि ती नुसती आढ्याकडे पाहत पडून राहू लागली. आम्ही काय केले? वात वाढला असे ठरवून काढ्याची एक वेळ वाढवली. वहीत तशी नोंदही केली. तिच्या रडण्याला माझ्या वहीत रकाना नव्हता.

सहाव्या आठवड्यात, मुलीला न्हाऊ घालण्यास येणाऱ्या वृद्ध वैजिणीने माझ्या पत्नीला बाजूला घेऊन सांगितले की, ही पोर लेकराकडे बघत नाही, माझ्याशी बोलत नाही, हे काढ्याचे काम नव्हे, हिला डॉक्टरकडे न्या. अक्षरशत्रू म्हणून जिच्याकडे मी कधी लक्ष दिले नव्हते, तिला जे दिसले ते मला दिसले नाही. आम्ही मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो. 'लोक काय म्हणतील' या विचारात त्याआधीही चार दिवस मी घालवले, हे येथे देवासमोर कबूल करतो. औषध सुरू झाले, अंगावर पाजणेही चालू राहिले, आणि काही महिन्यांत माझी मुलगी मला परत मिळाली.

बरी झाल्यावर एकदा ती म्हणाली, "बाबा, कषाय वेळेवर येत होता. पण पेला ठेवून प्रत्येकजण निघून जाई. पेला रिकामा होईपर्यंत कोणीतरी बसावे, एवढेच मला वाटत होते."

महाजनहो, आमचे घर अपवादात्मक नव्हते. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या गोव्यातीलच मातांचा अभ्यास करून २००२ साली प्रसिद्ध केला. त्यांत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ मातांना नैराश्याचा विकार आढळला, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणांत आर्थिक ओढाताण होती, पतीपत्नीमधील बेबनाव होता, आणि जन्मलेले मूल मुलगा की मुलगी याचाही परिणाम होता. यांपैकी कोणत्या कारणावर बाळंतशोपेचा उतारा चालेल, हे आपणच सांगावे. नात झाल्याची वार्ता ऐकून ज्या घरात पेढ्यांऐवजी मौन वाटले जाते, त्या घराने काढ्याच्या गुणाविषयी बोलूच नये.

म्हणून थोड्या गोष्टी निवेदन करतो. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास येणारे रडू बहुतेकींना येते व दोन आठवड्यांत ओसरते. तेथे विश्रांती, झोप व मायेचे माणूस पुरते. दोन आठवड्यांनंतरही उदासी राहिली, झोप-भूक उडाली, मुलाविषयी ओढ वाटेना, तर डॉक्टरांना दाखवावे. रक्त कमी असणे वा थायरॉईड बिघडणे यांमुळेही असा थकवा येतो, त्याची तपासणी होते. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर देऊ नयेत, त्यांचा गुण कमी होतो; तास-दोन तासांचे अंतर ठेवावे. बाळंतिणीचे पाणी तोडण्याची जुनी चाल सोडावी. तान्ह्याला सहा महिने आईच्या दुधावाचून काढा, गुटी काही देऊ नये. आणि भ्रम होणे, असंबद्ध बोलणे, जीव देण्याची वा मुलाला इजा करण्याची भाषा, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बांबोळीला मनोविकारांचे सरकारी रुग्णालय आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेली-मानस' सेवा २०२२ पासून विनामूल्य चालू आहे.

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी मी वही घातली नाही. संध्याकाळचा धण्या-जिऱ्याचा कषाय मी स्वतः त्या खोलीत नेत असे, सोयर असो वा नसो, आणि पेला रिकामा होईपर्यंत तेथे बसत असे. बहुधा आम्ही काही बोलतही नसू. वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही. श्रींनी मात्र मला क्षमा केली असावी असे मी मानतो.

माझ्या मातांनो, कषाय अवश्य करा. आपल्या आज्यांनी तो उगाच केलेला नाही. परंतु पेला ठेवून निघून येऊ नका. आणि पुरुष महाजनांनो, पेला नेण्याचे काम अधूनमधून आपणही करा.

 आपल्या घराघरांतील बाळ-बाळंतीण सुखरूप राहोत, अशी श्रीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.