पाण्यात म्हैस, वर मोल



पाण्यात बसलेल्या म्हशीचा सौदा करू नये, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. कास दिसत नाही, पाय दिसत नाहीत. शिंगे आणि नाकपुड्या तेवढ्या वर. 'वॉटर बफेलो' ह्या इंग्रजी शब्दाचे मोल मात्र आपण अनुवादक आणि कोशकार असेच करत आलो आहोत. 'वॉटर' दिसले की 'पाणम्हैस' किंवा 'पाणरेडा' लिहून मोकळे. माझे म्हणणे असे, की ह्या शब्दातले 'वॉटर' म्हशीविषयी फारसे काही सांगत नाही. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुसरे कोणते जनावर उभे आहे, ते सांगते.

शब्दाचा प्रवास पाहा. ग्रीकांचा 'बूबालोस' ही म्हैस नव्हतीच. ते आफ्रिकेतल्या एका कुरंगाचे नाव. लॅटिनमध्ये ते गुरांकडे सरकले, पोर्तुगीजांच्या तोंडी 'बुफालो' झाले आणि इंग्रजांनी ते बहुधा त्यांच्याकडून उचलले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या कोशात ही हकिकत नुसत्या 'बफेलो' ह्या नोंदीखाली आहे. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजाला 'वॉटर'ची गरज नव्हती, कारण गोठ्यात, बाजारात, तळ्यात बफेलो एकच. गरज पडली ती बहुधा अमेरिकेमुळे. तिथल्या केसाळ बायसनला वसाहतवाल्यांनी हेच नाव दिले आणि मूळच्या मालकिणीला ओळखीसाठी विशेषण चिकटवावे लागले. इकडे सह्याद्रीत शिकारी साहेबांनी आपल्या गव्याला 'बायसन' ठरवले; दाजीपूरच्या जंगलाची ओळख अजून त्या नावाने दिली जाते. म्हणजे तिकडचा बायसन 'बफेलो', आपला गवा 'बायसन' आणि आपली म्हैस 'वॉटर बफेलो'. साहेबाला हसण्याआधी एक कबूल करू: आपणही त्याच गव्याला 'गवारेडा' म्हणतो. गवा गाईबैलांच्या गोतातला. रेड्याशी त्याचे नाते लांबचे.

यावर कोणी म्हणेल, म्हैस पाण्यात डुंबते हे तर खरे ना? खरेच. गाईपेक्षा तिला घामाच्या ग्रंथी कमी, कातडी काळी. उन्हात तिला पाणी नाही तर चिखल लागतोच. पण डुंबतो तर हत्तीही, आणि त्याला कोणी पाणहत्ती म्हणत नाही. शास्त्राचा आधार घ्यावा, तर तोही ह्या 'पाण'ला मिळत नाही. पाळीव म्हशींचे दोन मोठे गट: नदीच्या म्हशी, ज्यांची गुणसूत्रे ५०, आणि आग्नेय आशिया व चीनमधल्या दलदलीच्या म्हशी, ज्यांची ४८. पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी ह्या सगळ्या पहिल्या गटातल्या. व्हिएतनामच्या भातखाचरात नांगर ओढणाऱ्या दुसऱ्या. दोन्ही गट पाण्याचेच, मग 'पाण' लावून वेगळे केले कोणाला? मजकुरात हा फरक महत्त्वाचा असेल तर 'दलदलीची म्हैस' असे सरळ लिहावे.

खरी अडचण मराठीतून इंग्रजीत जाताना येते. नुसते 'बफेलो' लिहिले तर अमेरिकन वाचक बायसन समजेल, हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. बातमीच्या मथळ्यात किंवा पाठ्यपुस्तकातल्या तुटक वाक्यात 'वॉटर बफेलो' एकदा लिहावे, हरकत नाही. पण कोल्हापूरच्या कट्ट्यावर लांब तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस उभी आहे, गवळी धार काढतो आहे आणि गिऱ्हाईक फेसाळ पेला तोंडाला लावते आहे, असा प्रसंग असेल तर बायसनचा भ्रम कोणाला होणार? पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' तर एसटीच्या रस्त्यावर आडवी येते. तिच्या नावाआधी 'वॉटर' लावले की वाचक उगाच तळे शोधत बसेल.

याहून मोठे नुकसान इंग्रजीतून मराठीत येताना होते आणि त्याची चर्चा आपण करत नाही. 'वॉटर बफेलो'ला ना नर ना मादी, ना वय. मराठीत मात्र पारडू वेगळे, वगार वेगळी, टोणगा वेगळा. विदर्भाकडचा हल्या वेगळा. वगार म्हणजे अजून न व्यालेली, जिच्यावर घराने उद्याच्या दुधाचा हिशेब मांडलेला असतो. टोणग्याच्या वाट्याला असा हिशेब क्वचितच. इंग्रजी वाक्यात जनावराचे काम दिसते, तेवढ्यावरून शब्द निवडायचा असतो. तोही अंधपणे नव्हे, कारण व्हिएतनामात नांगराला मादीही जुंपतात. 'पाणम्हैस' लिहिणारा ही निवडच टाळतो. माझी तक्रार शब्दाच्या कुरूपपणापेक्षा ह्या आळसाविषयी आहे.

आणि जिथे 'वॉटर' खरोखर पाण्याचे आहे, तिथे जनावरच नाही, ही ह्या शब्दाची गंमत. अमेरिकी लष्करात 'वॉटर बफेलो' म्हणजे मोटारीमागे ओढायची पिण्याच्या पाण्याची टाकी, सुमारे ४०० गॅलनची. ती कल्पना आपल्याला परकी वाटू नये. पाण्याची पखाल रेड्याच्या पाठीवर असे. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, ही म्हण उगाच आली नाही. तरीही युद्धकथेत त्या टाकीला 'पाणरेडा' लिहिले तर सैनिक जनावराच्या तोटीतून पाणी भरू लागतील. तिथे 'टँकर' हाच मराठी शब्द.

शेवटचा पुरावा १९९३ सालचा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला. रात्री वसतिगृहाखाली गोंगाट करणाऱ्या मुलींवर वरच्या खिडकीतून एक विद्यार्थी 'वॉटर बफेलो' म्हणून ओरडला. मुली कृष्णवर्णीय होत्या. वांशिक छळाची तक्रार झाली आणि प्रकरण देशभर गाजले. म्हैस आशियातली, आफ्रिकेतली नव्हे, असा प्राणिशास्त्राचा मुद्दाही बचावात आला. मुलाचे स्पष्टीकरण वेगळे होते: डोक्यात 'बेहेमा' हा हिब्रू शब्द होता, अक्षरशः जनावर, बोलण्यात अडाणी, बेपर्वा माणूस. मे महिन्यात तक्रार मागे घेतली गेली. मुलींना तो शब्द कसा लागला, हा प्रश्न त्याने मिटत नाही. अनुवादकाने तो मिटवूही नये. पण हे वाक्य मराठीत आणायचे तर म्हैस, रेडा, पाणी सगळे बाजूला ठेवावे लागते. रात्रीच्या गोंगाटावर वैतागलेला मराठी मुलगा खिडकीतून 'ए ढोरांनो' म्हणेल. 'ढोरांनो'त हिब्रूतले जनावर येते, वैताग येतो, लागणारा अपमानही येतो. मात्र इंग्रजी शब्द आफ्रिकेचा की आशियाचा, ह्यावर झालेला वाद त्यात मावत नाही, आणि त्यासाठी तळटीप द्यावीच लागेल.