लेकॉक ॲबी: मठावर चढलेलं घर

इंग्लंडच्या विल्टशायरमधला लेकॉक ॲबी हा वाडा मुळात 13व्या शतकातला ननांचा मठ. आठव्या हेन्रीच्या काळात, 1539 मध्ये, तो बंद झाला आणि विल्यम शॅरिंग्टन यांनी विकत घेतला. त्यांनी चर्च पाडलं, पण चौकाभोवतीच्या कमानदार ओवऱ्या राखल्या आणि त्यांच्याच माथ्यावर राहायच्या खोल्या बांधल्या. म्हणून आजही खाली मठ आणि वर घर! कोपऱ्यात अष्टकोनी बुरूजही उभारला. 18व्या शतकात गॉथिक धाटणीचं नवं दालन आलं.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो वाड्याचे नंतरचे मालक आणि छायाचित्रणाचे आद्य प्रवर्तक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी केलेला बदल. 1830च्या सुमारास त्यांनी दक्षिणेच्या भिंतीला बाहेर काढलेल्या सज्ज्यासारख्या खिडक्या बसवल्या. 1835 मध्ये त्यांतल्या एका खिडकीचं चित्र आतूनच कॅमेऱ्यानं टिपलं. टपाल तिकिटाएवढा तो कागद म्हणजे आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी कॅमेरा-निगेटिव्ह. भिंगातून पाहिल्यास काचेचे सुमारे 200 चौकोन मोजता येत होते, अशी नोंद टॅल्बट यांनी तिच्याशेजारी स्वतः लिहून ठेवली आहे.