चुकलेल्या उत्तराची गोष्ट

मंडळी, एक वजाबाकी मनात धरा. ५२ वजा ३८. पर्याय चार: १४, २४, २६, ९०.

हे आकडे कोणी उगाच टाकत नाही. २४ वर खूण करणाऱ्या मुलाने दशक उसना घेतला, पण पाचाचे चार करायचे राहिले. २६ वाल्याने वर-खाली न पाहता मोठ्या अंकातून लहान अंक काढला. ९० वाल्याने चक्क बेरीज केली. चांगल्या चाचणीत चुकलेलं उत्तरसुद्धा गुरुजींना सांगतं की पोर कुठं अडलं. लाल शाईचा भोपळा काय सांगणार?

प्रश्न आधी थोड्या मुलांवर तपासतात. गणितात हुशार मुलंच जिथं चुकतात, तो प्रश्न गाळतात. खोट बहुधा वाक्यात असते.

आपलं दुखणं नेमकं इथं आहे. पांढुर्णा-सौसरच्या घरांत आजी 'हातचा' म्हणते, हिंदी पुस्तकात 'हासिल' आणि 'उधार'. आजीचे एकोणचाळीस वर्गात 'उनतालीस' होतात. पोर गणिताला अडलं की शब्दाला?

२००५ पासूनची 'असर' पाहणी घरी येऊन एकेका मुलाला अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार विचारते. त्यात शब्द थोडे. १२ नोव्हेंबर २०२१ चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण मात्र शाळेत, लेखी. तिथं शाब्दिक उदाहरण आलं की भाषा आडवी येते.

आज घरी नातवंडाला हीच वजाबाकी गोष्टीतून घाला. संत्री ५२, विकली ३८. आधी मराठीत, उद्या हिंदीत. उत्तरं वेगळी आली, तर ती वही गुरुजींना नेऊन दाखवा.