चित्रपटांतील चमत्कारांचे पहिले धडे

पडद्यावर देव अंतर्धान पावतो, धडावेगळें झालेलें मस्तक आकाशांत चढतें, आणि प्रेक्षागृहांतील चतुर गृहस्थहि क्षणभर श्वास रोखून धरतो. हें सारें खोटें आहे हें त्याला ठाऊक असतें. तें घडविलें कसें, हें मात्र फार थोड्यांना ठाऊक असतें. नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या तरुणास ही विद्या शिकण्याची हौस उत्पन्न झाली, तर घरांतून पहिला प्रश्न येतो तो हा कीं, मुंबई-पुण्यास धाडण्यास पैसा कोठून आणावयाचा? प्रश्न रास्त आहे. परंतु ह्या विद्येचा आपल्याकडील मूळपुरुष कोणत्या वाटेनें गेला हें पाहिलें, म्हणजे त्याचें निम्में उत्तर मिळतें.

धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं झाला. तेथें उगम पावणारी गोदावरीच पुढें नांदेडच्या घाटांस भेटते. मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचें कलाभवन येथें त्यांचें शिक्षण झालें. छायाचित्रण, मुद्रण, इतकेंच नव्हे तर जादूचे प्रयोगहि त्यांनीं आत्मसात् केले. १९१२ सालीं विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. आतां भांडवल देणाऱ्याची खात्री कशी पटवावयाची? फाळक्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला, त्याच्या वाढीचें एक एक चित्र दिवसेंदिवस घेतलें, आणि ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट तयार केला. पाहतां पाहतां दाण्याचें रोप झालेलें दिसलें, आणि द्रव्याची सोय झाली. पुढें पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेहि ह्या कामीं आले. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

त्या रोपट्यांत सारी विद्या बीजरूपानें आहे. चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची माळ होय. मूकपटाच्या काळीं सेकंदास सुमारें १६ चित्रें धांवत. बोलपटापासून २४ हा प्रघात पडला. डोळा त्या चित्रांना जोडून घेतो. परंतु दोन चित्रांच्या मधल्या काळांत काय घडलें हें त्याला दिसत नाहीं. चमत्काराचें बिऱ्हाड त्याच फटींत असतें.

फट लांबविली कीं महिन्याची वाढ मिनिटांत दिसते. फटींतच पात्र बाजूस केलें कीं तें अंतर्धान पावतें. फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस हा जादूगार सांगे कीं, पॅरिसच्या चौकांत चित्रण चाललें असतां कॅमेरा क्षणभर अडला आणि पडद्यावर घोड्यांच्या गाडीची एकाएकीं प्रेतगाडी झालेली दिसली! तिसरी युक्ति दुहेरी चित्रणाची. काळ्या मखमलीवरून प्रकाश परतत नाहीं. म्हणून तिच्यापुढें उभ्या असलेल्या माणसाचें चित्र घेतल्यावर फिल्मचा उरलेला भाग कोराच राहतो. फिल्म मागें गुंडाळून त्या कोऱ्या भागावर दुसरें दृश्य घेतलें, कीं दोन्ही एकत्र नांदतात. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) मध्यें भयभीत कंसाला आपलेंच मस्तक धडावेगळें झालेलें दिसतें, तें अशाच जातीच्या युक्त्यांच्या बळावर.

आतां ही जुळणी संगणक करतो आणि काळ्या मखमलीची जागा हिरव्या पडद्यानें घेतली आहे. परंतु तत्त्व तेंच आहे. दोन्ही दृश्यांतील उजेड एकाच दिशेनें यावा आणि सावल्या जुळाव्या, हे नियम यंत्र बदललें म्हणून बदलत नाहींत.

प्रारंभीं लातूरच्या बाजारांतील तुरीचा एक दाणा पुरेसा आहे. तो कुंडींत पेरावा. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवावा. खिडकी बंद करून एकच दिवा अहोरात्र ठेवावा. नाहीं तर दिवसरात्रीच्या उजेडानें चित्र लुकलुकेल. दर पंधरा मिनिटांनीं एक ह्या हिशेबानें दिवसास ९६, सात दिवसांत ६७२ चित्रें होतात. सेकंदास २४ प्रमाणें तीं २८ सेकंदांत संपतात. आठवड्याच्या श्रमाचें फळ अर्धें मिनिटहि नव्हे! हा हिशेब पाहून ज्याचा उत्साह मावळत नाहीं, त्यानें पुढील शिक्षणाचा विचार अवश्य करावा. आणि घरच्यांनींहि खर्चाचा विचार त्यानंतरच करावा.

ह्या विद्येस एक जोखीमहि आहे. बाबूराव पेंटर ह्यांच्या ‘सैरंध्री’ (१९२०) मधील कीचकवध इतका हुबेहूब साधला कीं प्रेक्षक हादरले आणि सेन्सॉरनें त्या दृश्यावर कात्री चालविली. नाट्यगृहांत बसलेल्यास निदान खेळ पाहण्यास आल्याची जाणीव तरी असे. आतां बनावट चित्रें तिकिटावांचून घरोघर हातांतल्या मोबाइलवर येतात, आणि तीं बनावट असल्याचें कोणी सांगत नाहीं. म्हणून ही विद्या चित्रपट काढूं इच्छिणाऱ्यापुरतीच उपयोगाची आहे असें नव्हे. ज्या मुलानें स्वतः एकदां फट लपविली आहे, त्याला दुसऱ्यानें लपविलेली फट शोधावीशी वाटते. उजेड कोठून येतो आणि सावली कोठें पडते, हें तो आधीं पाहतो. तुरीच्या एका दाण्यानें घरांत एवढी दृष्टि आली, तर तें आठवडाभराचें जागरण महाग पडलें असें कोण म्हणेल?